पेठेत येणारे आणि पेठेतून जाणारे

माझी आत्या पुण्याच्या सदाशिव पेठेत राहते. वय ७८, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण मंडईत भाजीला अजून चालतच जाते. वाटेत शनिपाराशी बाजीराव रस्ता ओलांडायचा असतो. तिथे आली की ती पिशवी डाव्या हातात घेते आणि उजव्या हाताने माझं मनगट घट्ट धरते. गाड्यांकडे ती बघतच नाही, दोन गाड्यांमधल्या फटीकडे बघते. फट दिसली की एक पाऊल पुढे, फट मिटली की तेच पाऊल मागे. असं तीन-चारदा होतं. शेवटी हात वर करून ती सरळ चालायलाच लागते आणि गाड्या तिच्या दोन्ही अंगांनी वाहत राहतात. पलीकडे पोचल्यावर म्हणते, "थांबत कुणी नाही गं. वळतात फक्त."

एकदा ती ओळखीच्या बाईंशी बोलत थांबली होती, तेव्हा मी नुसतं बघत राहिले की या गाड्या जातात तरी कुठे. काही विश्रामबागवाड्यापाशी वेग कमी करून गाडी लावायला जागा शोधत होत्या. काही लक्ष्मी रस्त्याला वळत होत्या. मोठा लोंढा मात्र तसाच सरळ शनिवारवाड्याकडे आणि तिथून पुलावरून नदीपार. स्वारगेटहून शिवाजीनगरला निघालेल्या माणसाला पेठेत काही घ्यायचं नसतं, कुणाला भेटायचं नसतं. पेठ त्याच्या वाटेत पडते, एवढाच तिचा आणि त्याचा संबंध.

जुन्या शहरातली वाहतूक कमी करण्याबद्दल जगभर जे काही शिकून झालंय, त्याची सुरुवात या एका फरकापासून होते. पेठेत येणारी गाडी वेगळी आणि पेठेतून जाणारी गाडी वेगळी. वाहतुकीतली माणसं दुसरीला थ्रू ट्रॅफिक म्हणतात, मी आरपार वाहतूक म्हणते. येणाऱ्या गाडीमुळे पेठेचं दुकान चालतं, घरात पाहुणा येतो, आजाऱ्याला दवाखान्यात नेता येतं. आरपार गाडीकडून पेठेला धूर आणि आवाज मिळतो, आणि रस्ता ओलांडायची भीती. दोन्ही गाड्या दिसायला सारख्याच असल्यामुळे आपण दोघींना मिळून "ट्रॅफिक" म्हणतो आणि उपायही एकच शोधत बसतो. तिथेच घोटाळा होतो.

रस्ता रुंद केला तर?

हा सगळ्यात जुना उपाय आणि पुण्याने तो अनेक दशकं करून पाहिलाय. पेठांमध्ये चालताना घरांच्या ओळीकडे नीट बघा. एक इमारत पुढे, शेजारची पाच-सहा फूट मागे, मग पुन्हा एक जुना वाडा पुढे आलेला. करवतीच्या दात्यांसारखी ती रेषा दिसते. विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेषा आखलेली असते, आणि वाडा पाडून नवी इमारत उभी करताना ती त्या रेषेच्या मागे घ्यावी लागते. पण सगळे वाडे काही एकदम पडत नाहीत. मग मागे सरकलेल्या प्रत्येक इमारतीपुढे एक खाच तयार होते, आणि त्या खाचेत रस्ता रुंद होत नाही, स्कूटर लागतात. वाडाही गेला आणि रस्ताही मिळाला नाही.

समजा सगळी ओळ एकाच दिवशी मागे सरकली असती, तरी काय झालं असतं? नवा रुंद रस्ता काही महिने मोकळा वाटतो. जो माणूस आधी गर्दीला कंटाळून लांबून वळसा घालत होता, तो आता इकडून यायला लागतो. जो बसने जायचा, तो गाडी काढतो. जो साडेआठला निघायचा, तो सव्वानऊला निघतो. बघता बघता रस्ता पुन्हा भरतो, आणि आता त्यावर आधीपेक्षा जास्त गाड्या असतात. वाहतूकशास्त्रात हे इतक्या शहरांत, इतक्या वेळा दिसलंय की त्यावर फारसा वाद उरलेला नाही. शनिवारवाडा ते स्वारगेट भुयारी रस्त्याची चर्चा होते तेव्हाही मला हाच प्रश्न पडतो. भुयारात शिरलेली गाडी कुठेतरी बाहेर येणारच, आणि जिथे बाहेर येणार तिथल्या चौकात जागा तेवढीच राहणार.

जागेचं गणित तर फारच सरळ आहे. साडेतीन मीटर रुंदीची एक पट्टी घ्या, म्हणजे एक लेन. शहरातल्या मिश्र वाहतुकीत त्या पट्टीवरून तासाला मोटारींमधून साधारण २,००० माणसं जातात. त्याच पट्टीवर बस चालवल्या तर सुमारे ९,०००, सायकली असतील तर १४,००० आणि सगळे चालणारे असतील तर १९,००० च्या आसपास. पेठेतला रस्ता वाढत नाही, हे एकदा मान्य केलं की त्यावर काय चालवायचं हाच निर्णय आपल्या हातात उरतो. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातही हेच तत्त्व आहे: नियोजन माणसं हलवण्याचं करावं, वाहनं हलवण्याचं नाही. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरणही केलं. कागदावर आपण मागे नाही आहोत.

एकेरी रस्त्याच्या दोन जाती

मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते इथे आहे.

शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे एकेरी, बाजीराव रस्ता त्याच्या उलट. दोन समांतर रस्ते, एकाने जायचं, दुसऱ्याने यायचं. समोरून कुणी येत नाही म्हणून गाडी जोरात जाते. ही रचना कुणाच्या फायद्याची? आरपार जाणाऱ्याच्या. त्याला नदीपासून स्वारगेटपर्यंत सरळ पट्टा मिळतो. पेठेत राहणाऱ्याला किंवा खरेदीला येणाऱ्याला मात्र चार पावलांवरच्या दुकानासाठी अख्खा वळसा पडतो, आणि आत्याला सलग, न तुटणारा लोंढा ओलांडावा लागतो. म्हणजे पाहुण्यासाठी दार बंद आणि वाटसरूसाठी घराच्या मधून रस्ता, अशी ही व्यवस्था झाली.

आता बेल्जियममधलं घेंट नावाचं शहर बघा. सुमारे २ लाख ६० हजार वस्ती, मध्ययुगीन गाभा, बाराव्या शतकातला किल्ला, कालवे, अरुंद गल्ल्या. तिथेही एकेरीचेच फलक वापरले, पण ते असे लावले की तुम्ही ज्या बाजूने आत शिरलात त्याच बाजूला फिरून बाहेर पडता. आरपार जाताच येत नाही.

झालं असं. गाभ्याभोवती आर-४० नावाचा वळणरस्ता आधीपासून होता. ३ एप्रिल २०१७ रोजी महापालिकेने त्या वळणरस्त्याच्या आतल्या भागाचे सहा विभाग केले आणि मधोमध गाड्यांना बंदी असलेलं क्षेत्र ठेवलं. ते आधी ३५ हेक्टर होतं, ते ५१ हेक्टर झालं. प्रत्येक विभागात मोटारीने जाता येतं. पण एका विभागातून शेजारच्या विभागात मोटारीने थेट जाता येत नाही. आधी बाहेर वळणरस्त्यावर यायचं, वळसा घालायचा आणि मग दुसऱ्या विभागात शिरायचं. चालणारा, सायकलवाला, बस आणि ट्राम यांना अशी आडकाठी नाही, ते सरळ जातात. सगळ्यात जवळची वाट चालणाऱ्याला आणि सगळ्यात लांबची मोटारीला, असा क्रम लागला.

आपल्याकडच्या उदाहरणाने सांगायचं तर नारायण पेठेतल्या माणसाला मोटारीने रास्ता पेठेत जायचं असेल तर त्याने पेठा सोडून बाहेरून जायचं. चालत, सायकलने किंवा बसने जायचं असेल तर लक्ष्मी रस्ता आहेच.

योजनेच्या आधी घेंटमध्ये गर्दीच्या वेळी गाभ्यातल्या मोटारींपैकी सुमारे ४० टक्के नुसत्या आरपार जाणाऱ्या होत्या. त्यांना बाहेर काढल्यावर राहत्या गल्ल्यांमधल्या मोटारी गर्दीच्या वेळी ५८ टक्क्यांनी कमी झाल्या. २०१२ मध्ये शहरातल्या लोकांच्या फेऱ्यांपैकी ५५ टक्के मोटारीने आणि २२ टक्के सायकलने होत होत्या. २०१९ मध्ये मोटार ३९ वर आली आणि सायकल ३५ वर गेली. सायकलीचं ३५ टक्क्यांचं उद्दिष्ट त्यांनी २०३० साठी ठरवलं होतं. या सगळ्याला खर्च आला सुमारे ४० लाख युरो. फलक, कुंड्या, रंग, कॅमेरे आणि लोकांना समजावून सांगण्याचं काम. एकही उड्डाणपूल बांधला नाही.

हे सगळं सुखासुखी झालं असं समजू नका. १९८७ मध्ये घेंटने अशीच एक योजना आणली होती आणि दुकानदारांच्या विरोधामुळे काही महिन्यांत गुंडाळली. १९९७ मध्ये पहिलं मोठं पादचारी क्षेत्र केलं, तेव्हाचे महापौर फ्रँक बेके यांना पोस्टाने बंदुकीची गोळी आली होती. २०१७ ची योजना राबवणारे उपमहापौर फिलिप वाटेउ यांनाही धमक्या आल्या. ही कल्पनाही घेंटची स्वतःची नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराने १९ सप्टेंबर १९७७ रोजी आपल्या गाभ्याचे चार भाग करून हेच केलं होतं, तेही एका फटक्यात. टप्प्याटप्प्याने केलं तर प्रत्येक टप्प्यावर अर्धवट त्रास दिसतो आणि फायदा दिसत नाही, म्हणून दोन्ही शहरांनी एकदम बदल केला. मला ते धाडस फार मोलाचं वाटतं.

मग त्या गाड्या गेल्या कुठे?

कुठल्याही चर्चेत हा प्रश्न पहिला येतो, आणि तो रास्त आहे. पेठ बंद केली की टिळक रस्ता आणि शास्त्री रस्ता फुटतील, ही भीती खोटी नाही. पण आपण मनात वाहतुकीला पाण्यासारखं धरतो: इकडे अडवलं की तिकडून येणार, थेंबही कमी होणार नाही. गाडी चालवणारा माणूस असतो आणि माणूस विचार बदलतो. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या तीन अभ्यासकांनी ११ देशांतली सत्तरहून अधिक उदाहरणं तपासली, जिथे रस्त्यावरची जागा गाड्यांकडून काढून घेतली होती. आजूबाजूचे सगळे रस्ते मोजल्यावरही साधारण निम्म्या ठिकाणी आधीच्या गाड्यांपैकी ११ टक्के किंवा त्याहून जास्त कुठेच सापडल्या नाहीत. कुणी दोन कामं एका फेरीत केली, कुणी वेळ बदलली, कुणी चालत गेलं, कुणी जवळच्या दुकानात घेतलं. सगळ्या गाड्या नाहीशा होत नाहीत, पण सगळ्या शेजारच्या रस्त्यावरही येत नाहीत. पहिले काही आठवडे मात्र वाईट जातात. ते आधीच सांगून ठेवायला हवं, नाहीतर पहिल्याच सोमवारी योजना मागे घेतली जाते.

पुण्याचा कच्चा दुवा इथे आहे, तोही सांगायलाच हवा. घेंटभोवती नीट बांधलेला वळणरस्ता होता. पेठांच्या दक्षिणेला टिळक रस्ता आणि स्वारगेट, पश्चिमेला शास्त्री रस्ता, पूर्वेला नेहरू रस्ता, उत्तरेला नदी, असा एक वेढा कसाबसा जुळवता येतो, पण तो आजच तुडुंब भरलेला आहे. म्हणून आपल्याकडे आरपार वाहतूक तोडण्याआधी किंवा निदान त्याच दिवशी दुसरी सोय चालू असायला हवी. सुदैवाने एक सोय झालीये. २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू आहे, मधे कसबा पेठ आणि मंडई ही स्टेशनं आहेत. म्हणजे शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता ज्या आरपार प्रवासासाठी वापरले जातात, नेमका तोच प्रवास आता जमिनीखालून काही मिनिटांत होतो. वरचा रस्ता मोकळा करायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

पण मंडई स्टेशनच्या बाहेर येऊन पाच मिनिटं चालून बघा. पदपथ सुरू होतो, मग विजेची डीपी, मग तिरक्या लावलेल्या स्कूटर, मग उतरणीचा तुकडा, मग पदपथच संपतो. हजारो कोटींची मेट्रो आणि शेवटच्या दोनशे मीटरला दीड फुटाची वाट. मेट्रोचं स्टेशन जिथे संपतं तिथपासून दुकानाच्या पायरीपर्यंतचं अंतर हाही मेट्रोचाच भाग मानला पाहिजे. पीएमपीएमएलने, म्हणजे पुण्याच्या बससेवेने, २०२१ मध्ये पेठांसाठी छोट्या बस आणल्या होत्या, पुण्यदशम नावाने, दहा रुपयांत दिवसभर प्रवास. कल्पना अगदी नेमकी होती. अशी छोटी बस सहा-सात मिनिटांनी येत राहिली आणि ट्रॅफिकमध्ये अडकली नाही, तरच ती वापरली जाते. ट्रॅफिक तोडल्याशिवाय बस वेळेवर येत नाही, आणि बस वेळेवर आल्याशिवाय लोक गाडी सोडत नाहीत. म्हणूनच दोन्ही एकत्र करावं लागतं.

गाडी लावायची कुठे

पार्किंगवर लिहायचं म्हणजे दुखऱ्या नसेवर बोट ठेवणं. तरी लिहिते.

उभी मोटार साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा घेते. साडेबारा चौरस मीटर. तुळशीबागेतली कित्येक दुकानं याच्या निम्म्या जागेत उभी आहेत आणि त्यावर अख्खी घरं चालतात. दुकानाची जागा भाड्याने घ्यायला गेलात तर भाव ऐकून धडकी भरते. तेवढीच जागा रस्त्यावर, गाडीसाठी, दिवसभर, फुकट. त्यामुळे सकाळी दहाला लावलेली गाडी रात्री आठला निघते, आणि बऱ्याचदा ती त्याच रस्त्यावरच्या दुकानाची असते. गिऱ्हाईक मात्र जागा शोधत तीन चकरा मारतं. पी-१, पी-२ या पार्किंगच्या फलकांवरच्या सम-विषम तारखांनी गाडी रस्त्याच्या या बाजूची त्या बाजूला जाते, एवढंच.

डोनाल्ड शूप नावाचे अमेरिकी प्राध्यापक आयुष्यभर हाच विषय शिकवत होते. त्यांचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: रस्त्यावरच्या जागांपैकी साधारण ८५ टक्के भरलेल्या आणि बाकीच्या रिकाम्या राहतील इतका दर लावा. दर कमी असेल तर जागा कधीच रिकामी मिळत नाही, जास्त असेल तर रस्ता ओस पडतो. ज्याला अर्धा तास काम आहे तो आनंदाने पैसे देतो आणि निघून जातो. ज्याला दहा तास गाडी लावायची आहे तो बाबू गेनू वाहनतळासारख्या ठिकाणी जातो किंवा गाडी घरी ठेवतो. शूप यांनी त्याला आणखी एक जोड दिली: जमलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च करा, पदपथ, दिवे, स्वच्छतागृह. पैसे कुठे गेले ते लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, मोठा गदारोळ झाला, ते मोजक्या रस्त्यांवर प्रयोग म्हणून करायचं ठरलं आणि तिथेच अडलं. त्याच वर्षी पुण्यात नोंदवलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली, शहराच्या लोकसंख्येच्या वर.

दुकानदाराचं म्हणणं

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका कापडदुकानात आमचं घर तीन पिढ्यांपासून जातं. तिथल्या काकांना मी विचारलं, गाड्या बंद झाल्या तर? ते गादीवरून उठले, दारापर्यंत आले आणि समोरच्या फुटपाथकडे बोट दाखवून म्हणाले, "आमचं गिऱ्हाईक लग्नाचा बस्ता घेऊन जातं. वीस साड्या. ती काय डोक्यावर घेऊन जाणार?" हा प्रश्न टाळता येत नाही. बस्त्याचं गिऱ्हाईक खरं आहे. पण त्यांच्या दुकानात त्या तासाभरात आलेली बाकीची माणसं मी बघत होते: ब्लाउजपीस, परकर, एक सहावारी. सगळ्यांच्या हातात एकेक पिशवी.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये २००६ मध्ये हेच विचारलं गेलं. दुकानदारांचा अंदाज होता की ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं. गिऱ्हाइकांना विचारलं तेव्हा उत्तर २२ टक्के निघालं. दुकानदार खोटं बोलत नव्हते. मोटारीने आलेलं गिऱ्हाईक पार्किंगबद्दल तक्रार करतं, म्हणून लक्षात राहतं. चालत आलेलं नुसतं खरेदी करून जातं. बस्त्याची सोयही होते. सामान ठरलेल्या वेळी गाभ्याच्या कडेला गाडीपर्यंत पोचवून देणं, किंवा संध्याकाळी घरपोच. दुकानांनी मिळून एखादा विजेवरचा तीनचाकी टेम्पो ठेवला तरी भागतं.

मालाचा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. बोहरी आळीत लोखंडी सामान, तपकीर गल्लीत विजेचं सामान, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, लक्ष्मी रस्त्यावर कापड. भर दुपारी टेम्पो येतो, अर्धा रस्ता अडवतो, हमाल दादा पाठीवर गठ्ठा घेऊन स्कूटरांमधून वाट काढतात आणि मागे शंभर गाड्या भोंगे वाजवतात. घेंटच्या पादचारी क्षेत्रात माल चढवायला-उतरवायला संध्याकाळी सहा ते सकाळी अकरा एवढीच मुभा आहे. आपल्याकडे असं करायचं तर हमालांचं वेळापत्रक बदलेल, त्यांना पहाटे यावं लागेल, आणि त्याचा मोबदला कोण देणार हे आधी ठरवायला हवं. ते न ठरवता नियम केला तर बोजा त्यांच्याच पाठीवर जाईल. पथारीवाल्यांचंही तसंच आहे. २०१४ च्या कायद्याने त्यांना हक्क दिलेत. रस्ता चालणाऱ्यांसाठी सुंदर करताना पहिला हात त्यांच्यावर पडतो, हे बऱ्याच शहरांत झालंय आणि ते चूक आहे. चालणारं गिऱ्हाईक आणि पथारी यांचं नातं रस्त्याइतकंच जुनं आहे.

दिल्लीच्या चांदनी चौकाकडून एक धडा घेण्यासारखा आहे. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सव्वा किलोमीटरहून थोडा मोठा रस्ता २०२१ मध्ये नव्याने बांधला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी केली. काम छान झालं. पण नंतर ई-रिक्षा शिरल्या, गाड्या उभ्या राहायला लागल्या. फरशी बसवणं हे काम एकदाच होतं, पण राखण रोजची असते. पुण्यात तर आणखी एक अडचण आहे, ती घेंटला नव्हती: आपली दुचाकी. सायकल जाईल एवढी फट ठेवली की तिथून स्कूटर जातेच. म्हणून आपल्याकडे नुसते खांब रोवून भागणार नाही. नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, थेट ई-चलन आणि पेठेत राहणाऱ्यांना घराच्या विभागापुरती परवानगी, एवढं तरी लागेल. रुग्णवाहिका आणि अग्निशमनच्या बंबासाठी खाली बसणारे खांब लागतील.

दरवर्षी ११ डिसेंबरला महापालिका लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद करते, पादचारी दिन म्हणून. पहिल्यांदा २०२१ मध्ये केला, उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक. नंतरच्या एका वर्षी मी आत्याला घेऊन गेले. ती रस्त्याच्या अगदी मधोमध थांबली आणि वर बघायला लागली. एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावरची लाकडी महिरप तिने मला दाखवली. "इथे माझी मैत्रीण राहायची, एवढ्या वर्षांत वर बघायला झालंच नाही." माझं मनगट तिने धरलं नव्हतं. गणपतीच्या दिवसांत तर हे आपण सगळेच अनुभवतो. संध्याकाळी पेठांमधले मुख्य रस्ते गाड्यांना बंद होतात, लाखो माणसं नदीपलीकडे गाडी लावून चालत येतात, आणि त्या दिवसांत पेठेतला धंदा काही बसत नाही.

पुण्याने सुरुवात कुठून करावी? माझ्या मते मोजणीपासून. शिवाजी आणि बाजीराव रस्त्यांच्या दोन्ही टोकांना आणि लक्ष्मी रस्त्याच्या दोन्ही तोंडांना नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे लावायचे. जी गाडी एका टोकाला शिरली आणि पंधरा-वीस मिनिटांत दुसऱ्या टोकाला बाहेर पडली, ती आरपार. साधा आठवडा, सणाचा आठवडा, पावसाळा, असे तीन वेळा मोजलं की पेठेला स्वतःचा आकडा मिळेल. मग पहिला काप बाजीराव रस्त्यावर, विश्रामबागवाड्यासमोर द्यावा असं मला वाटतं: बस, सायकल, रुग्णवाहिका सरळ, बाकीच्यांनी आलेल्या बाजूनेच परत. तिथे शनिपार जवळ आहे, मंडई स्टेशन चालत काही मिनिटांवर आहे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या त्या वाड्याचं लाकडी कोरीव काम बघायला चार पावलं मागे सरकून उभं राहता येईल. आज तिथे मागे सरकायला जागा नाही.

सहा महिने तो काप कुंड्या आणि रंगानेच द्यावा, सिमेंट ओतू नये. या काळात दुकानांची विक्री, वाड्यासमोरचा आवाज, टिळक रस्त्यावर लागणारा वेळ आणि बसचा वेग दर महिन्याला मोजून लोकांसमोर ठेवावा. मोजायची आणखी एक गोष्ट आहे, तिला कॅमेरा लागत नाही. शनिपाराशी उभं राहून म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला किती वेळ थांबावं लागतं, ते घड्याळ लावून बघायचं.